पी-एएनसीए पॉझिटिव्ह म्हणजे रक्तवाहिन्यांचा आजार आहेच का?

डिचोलीकर:
बाबा ६१ वर्षांचे. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज) आहे, त्यावर मेसालामाइन चालू. घोटे सुजले म्हणून डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्यांची लांबलचक यादी दिली, त्यात 'पी-एएनसीए पॉझिटिव्ह' आलं (एएनसीए म्हणजे आपल्याच पांढऱ्या पेशींवर उठणारी अँटीबॉडी). चुलतभावाने नेटवर वाचून घरभर केलं की हा व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे रक्तवाहिन्यांची सूज, आता किडन्या जाणार. आईचं जेवणात लक्ष नाही. संधिवाताच्या डॉक्टरांची तारीख गणेश चवथीनंतरची. तोवर दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा करून घेऊ का?

पेडण्याची सून:
आमच्या ह्यांना खराच व्हॅस्क्युलायटिस निघाला, जीपीए नावाचा. नाकात सतत खपल्या, रक्त, कानाला दडे. सगळे सर्दीच म्हणायचे. छातीच्या फोटोत डाग दिसले तेव्हा आधी टीबी शोधला. मग पीआर३ (एएनसीएचाच एक नेमका प्रकार) खूप जास्त आलं, बायोप्सीत नक्की झालं. रिटुक्सिमॅबवर बरे आहेत. आकडा अधूनमधून चढतो, पण नुसत्या आकड्यावर डॉक्टर औषध बदलत नाहीत. बाबांना नाकाचं, छातीचं काही आहे का?

लॅबवाला काका, फोंडा:
पुन्हा कशाला? हातातला रिपोर्ट आधी नीट वाचा. पद्धत काय लिहिलीय, आयएफए (सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघायची) की एलायझा (पीआर३, एमपीओ आकड्यात मोजायची)?

आयएफएची काचपट्टी वाचण्यात माझी अख्खी नोकरी सरली. अल्कोहोलने स्थिर केलेल्या पांढऱ्या पेशी, त्यावर पेशंटचं सीरम, मग चमकणारा रंग. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रवाळ हिरवी दिसली तर सी-एएनसीए, केंद्रकाभोवती कडं दिसलं तर पी-एएनसीए. गंमत अशी की एमपीओ, म्हणजे अँटीबॉडी जिथे चिकटते ते या पेशींतलं प्रथिन, मुळात केंद्रकाजवळ नसतंच, अल्कोहोलमुळे तिकडे सरकतं. शिवाय एएनए (केंद्रकावरची अँटीबॉडी) असलेल्याचं केंद्रक चमकतं, तेही पी वाटू शकतं. संध्याकाळी तर मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा नसायचा. म्हणूनच २०१७ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीत ठरलं की जीपीए किंवा त्याचाच भाऊबंद एमपीए, यांचा संशय असेल तर पहिली तपासणी चांगल्या प्रतीची पीआर३-एमपीओचीच करावी.

आणि कोलायटिसवाल्यांत पी-एएनसीए कितीतरी जणांना सापडतं, बहुधा एमपीओशिवाय. घोटे सुजणंही त्याच आजारात होतं. चुलतभावाचा मोबाईल दोन दिवस काढून घ्या.

लघवी मात्र लगेच तपासा, साधी रूटीन. तांबड्या पेशी, प्रोटीन, आणि रक्तात क्रिएटिनिन. किडनीची खबर तिथे लागते, एएनसीएत नाही. उलटंही खरं, निगेटिव्ह आलं म्हणून सुटका नसते: दम्याबरोबर येणाऱ्या ईजीपीए या व्हॅस्क्युलायटिसात निम्म्याहून जास्त पेशंट निगेटिव्हच असतात. थुंकीत रक्त, चहाच्या रंगाची लघवी, पायांवर जांभळे डाग किंवा पाऊल अचानक लुळं पडलं, तर चवथ-बिवथ बघू नका, थेट बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठा.

डिचोलीकर:
नाक-छातीचं काही नाही. पद्धत आयएफए. दुसरं पान आईने माटोळीच्या सामानाच्या यादीबरोबर पिशवीत टाकलं होतं! पीआर३, एमपीओ दोन्ही निगेटिव्ह. लघवी उद्या देतो.

लॅबवाला काका, फोंडा:
दोन्ही पानं न्या, आणि कोलायटिसचं पहिल्याच वाक्यात सांगा. सांध्याच्या डॉक्टरांकडे गेल्यावर पोटाचं कोणी बोलतच नाही. पोटाच्या डॉक्टरांनाही एकदा दाखवा, आतडं पुन्हा सुजलंय का ते बघतील.