हॅमर कोरल मिटलाय, आता आणखी मोठा लाईट घेऊ का?

खारटहात:
खाऱ्या पाण्याचा कोरल टँक ६० सेंमी लांब, ४५ रुंद, ४५ खोल. तीन वर्षं वर टी५च्या (बारीक फ्लोरोसेंट) चार ट्यूब होत्या, पंधरा दिवसांपूर्वी त्या काढून एलईडी लावला. खडकाच्या माथ्यावर झोआ, मधल्या कपारीवर हॅमर, तळाशी सावलीत मशरूम, तिन्ही कोरलच. हॅमर दिवसभर मिटून बसतो, झोआंचा हिरवा रंग उतरलाय. मशरूम मात्र मजेत पसरलेत. नवा लाईट डोळ्यांना जुन्यापेक्षा मंदच वाटतो. मोबाइलच्या लक्स ॲपवरही आकडा कमी येतो, म्हणून १०० टक्क्यांवर, रोज बारा तास चालवतोय. पुढे ॲक्रोपोरा (जास्त उजेड मागणारा फांद्यांचा कोरल) ठेवायचाय. जास्त वॉटचा घ्यावा का?

फेसाळलाट:
आधी अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) बघा. हॅमर तिच्या चढउतारानेही रुसतो. उगाच लाईटवर खापर नको.

खारटहात:
८.३ डीकेएच, महिनाभर तेवढीच आहे. खारटपणा विशिष्ट गुरुत्वात १.०२५.

जुनीओहोटी:
मग लाईटच. पण कमी नाही, जास्त. तुमचे डोळे आणि तुमचा मोबाइल, दोघंही तुम्हाला फसवतायत.

लक्स हे माप माणसाच्या नजरेच्या हिशोबाने बनवलंय. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा-पिवळा उजेड सर्वांत जास्त जाणवतो, ४५० चा निळा त्या मानाने फार थोडा. रीफ (कोरल टँकच्या) एलईडीत भरणा असतो तो निळ्याचाच, आणि कोरलच्या अंगात राहणाऱ्या शैवालाला नेमका तोच हवा असतो. म्हणजे तुम्हाला अंधुक दिसतंय तिथे कोरलला भर दुपार आहे. पार (PAR) मीटर ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण मोजतो, त्याच्यावर भरवसा ठेवा. विकत घ्यायलाच हवा असं नाही, कुणाचा तरी दोन दिवस मागून आणा. एलईडीसाठी त्याची निळ्याची दुरुस्ती चालू आहे ना, तेवढं बघा.

आता आमची फजिती. माझा ॲक्रोपोरा तपकिरी पडला म्हणून एका रात्रीत लाईट ५० वरून ८० टक्क्यांवर नेला. पाचव्या दिवशी वरची बाजू पांढरी फटक. पंपाची सावली पडायची तेवढा पट्टा मात्र तपकिरीच राहिला. लाईटनेच केलं, याला त्याहून पक्का पुरावा कुठला शोधायचा! तुमचे मशरूम सावलीत असूनच खूश आहेत, हेही तेच सांगतंय.

एक सांगा, जुन्या ट्यूब शेवटच्या कधी बदलल्या होत्या?

खारटहात:
दीड वर्ष झालं असेल. पेटत होत्या, म्हणून बदलल्या नाहीत.

जुनीओहोटी:
सापडलं! टी५ पेटत राहते, पण उजेड हळूहळू ओसरतो. रीफवाले नऊ ते बारा महिन्यांत बदलतात ते त्यासाठीच. तुमचे कोरल दीड वर्ष संध्याकाळच्या उजेडात रमले होते आणि तुम्ही त्यांना थेट उन्हात बसवलंत.

आजच ४५ टक्के करा, वेळ आठ तास. हॅमर जागचा हलवू नका, एका वेळी एकच बदल. सगळं उघडलं की आठवड्याला पाच टक्क्यांनी वाढवा, वाटेत काही मिटलं तर तिथेच थांबा. माझा ढोबळ हिशोब असा: मशरूमला ५० च्या आसपास पार पुरतो, हॅमरला ८० ते १५०, ॲक्रोपोराला २०० ते ३५०.

फेसाळलाट:
आणि वॉटच्या मागे लागू नका. वॉट म्हणजे लाईट किती वीज खातो तेवढंच. ६० सेंमीवर एकच एलईडी असेल तर मधे आग आणि कडेला अंधार, शिवाय फांद्यांखाली कडक सावल्या. ट्यूबचा उजेड चादरीसारखा पसरायचा, त्याची सवय झालेल्याला हे लक्षात येत नाही. ॲक्रोपोरा ठेवायचाच तर एकाच ताकदवान लाईटपेक्षा दोन मध्यम लावा. काचेवर मिठाची खपली धरते, तीही पुसत जा.

खारटहात:
मित्राचा मीटर आणला. १०० टक्क्यांवर हॅमरच्या जागी ३१०! ४५ टक्क्यांवर १४०. तळाला मशरूमपाशी ३५.

आज अकरावा दिवस. हॅमर अर्धा उघडतो, दुपारनंतर जरा जास्त. झोआंचं अजून काही कळत नाही. ॲक्रोपोराचं नाव तूर्त काढत नाही.