द्राक्षावर काम करणाऱ्या संशोधकाला पहिला प्रश्न एच-इंडेक्सचा का?

गंगापूर रोड (निवृत्त प्राध्यापिका):
माझी जुनी विद्यार्थिनी गेल्या आठवड्यात नाशिकमधल्या एका कॉलेजात मुलाखतीला गेली होती. मॉलिक्युलर बायोलॉजीत पीएचडी, पुढे ८ वर्षं द्राक्षावरच्या डावणी या बुरशीच्या रोगावर काम. खुर्चीत बसते न बसते तोच विचारलं, "एच-इंडेक्स किती?" तिनं ६ सांगितला. पेपर कशावर आहेत, हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

एच-इंडेक्स ६ म्हणजे प्रत्येकी निदान ६ सायटेशन (इतरांच्या पेपरमध्ये उल्लेख) मिळालेले ६ पेपर. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये ही मोजणी सुचवली, आणि जीवशास्त्रातले आकडे भौतिकशास्त्रापेक्षा मोठे असतात हेही त्याच लेखात दाखवलं. विषयागणिक आकडा बदलतो. कॅन्सरशी संबंधित पी५३ जनुकावर जगभर असंख्य प्रयोगशाळा राबतात, डावणीवर मूठभर. मग ६ हा आकडा तिच्या कामाबद्दल सांगतो की तिच्या विषयातल्या गर्दीबद्दल? त्यापेक्षा काम वाचून ठरवा.

सिन्नरकर:
मॅडम, तुमचा मान राखून विरोध करतो. माझे वडील विडी कामगार. मी मुलाखती द्यायचो तेव्हा कुणाला घ्यायचं हे आदल्या रात्रीच ठरलेलं असायचं. एकाच ठिकाणी गुणांचा तक्ता भिंतीवर लावला होता, पेपर, सायटेशन सगळं मोजून. तिथेच मला नोकरी लागली. "काम वाचून ठरवा" म्हणता, पण ठरवणार कोण? आकडा काढून घेतला की परत फोनाफोनी सुरू.

पंचवटीची पीएचडीवाली:
एम.एस्सी.ला प्रोटीन मोजायचं प्रॅक्टिकल असतं, परीक्षानळीत हळूहळू निळा रंग चढतो. ती लॉरी पद्धत. १९५१ च्या त्या पेपरला ३ लाखांवर सायटेशन आहेत, आणि हा काही थोर पेपर नव्हे असं खुद्द लॉरींनीच म्हटलं होतं. उलट जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक बघा. मक्याच्या दाण्यांवरच्या ठिपक्यांवरून त्यांनी ओळखलं की जनुकीय घटक जागा बदलतात. लोकांनी इतकं थंड घेतलं की १९५३ नंतर त्यांनी त्यावर छापणं जवळजवळ थांबवलं. नोबेल मिळालं १९८३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी.

सिन्नरकर:
मॅक्लिंटॉक एक. त्यांच्या आड काहीच न करणारे किती लपतात, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि लॉरींचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं! पद्धत कामाला आली म्हणून तर लोकांनी नाव घेतलं. सायटेशन म्हणजे कुणीतरी तुमच्या कामावर विसंबून पुढचं काम केलं.

दिंडोरीचा बागायतदार:
विसंबायचंच म्हणता तर माझं ऐका. गोडी छाटणीनंतर पाऊस लागला की पानावर तेलकट डाग पडतो, पान उलटं केलं की खाली पांढरी बुरशी, आणि बघता बघता घड हातचे जातात. एका वर्षी स्ट्रॉबिल्युरिन गटाचं बुरशीनाशक औषध मारून मारून थकलो. डोस वाढवला, फरक नाही. औषध बनावट म्हणून दुकानदाराशी भांडलो. मग एक संशोधक ताई पानं घेऊन गेल्या, बुरशीचा डीएनए तपासला. म्हणाल्या, सायटोक्रोम बी जनुकात एक अक्षर बदललंय, त्यामुळे त्याच्या प्रोटीनमध्ये १४३ व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी अॅलानीन आलंय, आता औषधाला तिथे पकडच मिळत नाही. डोस दुप्पट करून पैसा पाण्यात जाईल. त्या दिवसापासून तो गट बंद केला, दुकानदाराची माफी मागितली. ताईंचा पेपर मी वाचलेला नाही, मी कुठे पेपर लिहिणारही नाही. मी विसंबलो, ते कोणत्या आकड्यात धरणार?

सिन्नरकर:
दादा, याला माझ्याकडे उत्तर नाही. पण तुमचं म्हणणं समितीपुढे कागदावर यायला हवं, तोंडी नको. तोंडी शिफारशींनीच माझी सहा वर्षं गेली.

गंगापूर रोड:
मग कागदावरच आणू. उमेदवारानं स्वतः निवडलेले ३ पेपर आधी द्यावेत, बाहेरच्या दोन तज्ज्ञांनी वाचून सहीनिशी मत लिहावं, आणि ते मत गुणांच्या तक्त्याशेजारी भिंतीवर लागावं.

सिन्नरकर:
सही असेल तर चालेल. आकड्याचा रकाना मात्र काढू देणार नाही.

गंगापूर रोड:
राहू दे. त्याआधी "काम कशावर" हा रकाना घाला.