गावच्या विहिरीत पोहण्याचा वर्ग घ्यायचाय, तयारी काय लागते?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात तरुण मंडळातर्फे सुट्टीत पोरांना पोहायला शिकवायचा विचार करालोय. शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुटतात आणि मेअखेरीस भरतात, म्हणजे दीडेक महिना हाताशी आहे. ८ ते १४ वयाची पंचवीसेक पोरं होतील. बेळगावात गोवावेसला किंवा जेएनएमसी मेडिकल कॉलेजच्या पोहण्याच्या तलावावर रोज न्यायचं म्हटलं तर बसच्या वेळा जुळत नाहीत आणि खर्चही झेपत नाही.

जागा तीन आहेत. एक बांधीव विहीर: व्यास ३५ फूट, पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या, एप्रिलात पाणी १८-२० फूट, आत साडेसात एचपीची मोटर. दुसरी जागा मलप्रभेतला बंधाऱ्याखालचा डोह, निम्मं गाव तिथंच डुंबतं. तिसरं एकाचं नवं शेततळं, प्लास्टिक घातलेलं.

कुठली जागा धरू? एका वेळी किती पोरं पाण्यात सोडायची? डबा बांधायचा की लाइफ जॅकेट घ्यायचं? शिवाय मंडळातली मोठी पोरं गणपती विसर्जनाला नदीवर उभी राहतात. त्यांना काय शिकवावं तेही सांगा की.

विहिरवाला

विहीरच धरा. पण पहिलं काम मोटरीचं. शेतातल्या मोटरीला बहुतेक ऑटो स्टार्टर असतो. थ्री फेज कधी येईल याचा नेम नाही, आणि लाइट आली की मोटर आपोआप उठते. केबलचं इन्सुलेशन कुठं खरवडलेलं असेल तर तेवढ्यात पाण्यात करंट उतरतो. म्हणून नुसतं स्टार्टरचं लाल बटण दाबून भागत नाही. मेन स्विच पाडा, तिन्ही फ्यूज काढा आणि वर्ग संपेपर्यंत ते एकाच माणसाच्या खिशात राहू द्या. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर ऊस वाळतोय म्हणून कुणीतरी मधेच येऊन जोडेल.

दुसरं काम पायऱ्यांचं. पाण्याखालच्या दोन-तीन पायऱ्यांवर शेवाळ असतं, ते तारेच्या ब्रशनं घासून काढा. पोराच्या कमरेइतकं पाणी येतं ती पायरी म्हणजे तुमचा उथळ भाग, सुरुवातीचे चार दिवस सगळं तिथंच चालतं. ती पायरी अरुंद असेल तर एका वेळी दोनच पोरं घ्या. विहिरीला पायाखाली टेकायला दुसरं काही नसतं, त्यामुळे तलावात एका शिक्षकामागे पाच-सहा पोरं चालतात तो हिशेब इथं लावू नका. पाण्यात दोन पोरं, दोघांच्या दोऱ्या धरणारे दोघं वेगळे, पाण्यात एक शिकवणारा, आणि काठावर एक असा की ज्यानं फक्त बघायचं. शिकवायचं नाही, मोबाइल नाही, गप्पा नाहीत. पंचवीस पोरं असतील तर सकाळच्या आणि संध्याकाळच्या तुकड्या पाडा, तरच प्रत्येकाच्या वाट्याला पुरेसा वेळ येईल.

दोरी कमरेला बांधायची पद्धत आपल्याकडे सगळीकडे दिसते, ती सोडा. कमरेतून ओढलं की अंग मधे दुमडतं आणि डोकं खाली जातं. दोरी बगलेखालून छातीला, गाठ पाठीमागे. गाठ सरकती नको, ओढली की फास बसतो. स्काऊटमध्ये शिकवतात ती बोलाइन घाला.

शिकवायचा क्रम:

१. तोंड पाण्यात घालून नाकातोंडानं बुडबुडे सोडणं. श्वास कोंडून धरणारं पोर लगेच घाबरतं, सोडणारं घाबरत नाही.
२. पाठीवर तरंगणं. कान पाण्यात, नजर आभाळाकडे, पोट वर. बहुतेकांची मान उचलली जाते आणि मग पाय बुडतात.
३. पालथ्याचं उताणं होणं आणि परत पालथं होणं.
४. उभ्यानं पाणी मारत एक मिनिट जागच्या जागी राहणं.
५. पायरीवरून उडी, वर येणं, वळणं आणि उडी मारली त्याच पायरीला परत येणं.
६. मग हातपाय मारत अंतर कापणं.

हात कसे मारायचे हे शेवटी येतं. लोक पहिल्या दिवशी तेच शिकवतात, म्हणून पोर सरळ दहा हात जातं पण वळून परत येता येत नाही. बांगलादेशात मुलांसाठी जो स्विमसेफ कार्यक्रम चालतो त्यात पोहता येतं असं म्हणायला २५ मीटर पोहणं आणि ३० सेकंद तरंगणं लागतं, शिवाय काठावरून दुसऱ्याला मदत करता यावी लागते. तुमच्या विहिरीत २५ मीटर म्हणजे अडीच आडव्या फेऱ्या झाल्या. रोज ४० मिनिटं धरली तर साधारण बारा-पंधरा दिवसांत बरीच पोरं तिथवर येतात. विहिरीचं पाणी गार असतं. ओठ निळे पडले की वेळ संपली नसली तरी पोर बाहेर.

आणि बुडी मारून कोण जास्त वेळ राहतो ही शर्यत अजिबात नको. आधी भराभर श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. श्वास घ्यावा अशी टोचणी त्याच वायूमुळे लागते, ती लागायच्या आधीच ऑक्सिजन संपून पोर पाण्याखाली बेशुद्ध होतं. हात नाही, आवाज नाही. चांगलं पोहणाऱ्या पोरांना हा धोका जास्त.

डबेवाला_निपाणी

डब्याबद्दल वर कुणी बोललं नाही. सुका भोपळा, पांगाऱ्याचा ओंडका, तेलाचा पाच लिटरचा डबा, सगळ्यांचं काम एकच. एक लिटर हवा साधारण एक किलो भार उचलते. लहान पोर पाण्यात मुळातच जवळजवळ तरंगत असतं, त्यामुळे पाच लिटर सुरुवातीला भरपूर झाले. चार दिवसांनी दोन लिटरची बाटली, मग एक लिटरची, मग काही नाही. डबा एकदम काढला की पोर घाबरतं.

पण डबा म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. तो पाठीला असतो. पोर पालथं पोहत असेल तोवर ठीक, दमून उभं राहिलं की तोच डबा मागून वर उचलतो आणि तोंड पुढं पाण्यात जातं. जॅकेटमध्ये फोम छातीकडे जास्त असतो, म्हणून ते माणसाला उताणं ठेवायला बघतं. म्हणजे शिकवायला डबा आणि नदीवर उभ्या स्वयंसेवकाला जॅकेट. जॅकेटवर किलोची मर्यादा लिहिलेली असते, ती बघूनच घ्या. लहानांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा, नाहीतर पोर खाली आणि जॅकेट वर. डब्याचं झाकण एम-सीलनं बंद करा. मोटरसायकलची ट्यूब मात्र घालू नका, बारकं पोर मधल्या भोकातून सटकतं.

चिक्कोडीकर

नदी आणि शेततळं का नको ते सांगतो.

बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथं खाली गेलेलं पाणी पृष्ठभागावरून परत भिंतीकडे वळतं. फेस दिसतो ती जागा. माणूस भिंतीकडे ओढला जातो, खाली दाबला जातो, वर येतो, पुन्हा ओढला जातो. फेसात हवा मिसळलेली असल्यानं त्यात तरंगताही येत नाही. बंधाऱ्याला घातलेल्या फळ्यांमधून थोडंच पाणी गळत असेल तेव्हा डोह शांत दिसतो, पण कुणी वर दोन फळ्या काढल्या की चित्र बदलतं. शिवाय वाळू उपसलेले खड्डे असतात, कमरेएवढ्या पाण्यातून एक पाऊल पुढं आणि एकदम डोक्यावर पाणी. जूनमध्ये तर तुमच्याकडे ऊन असताना वर उगमाकडे कणकुंबीच्या अंगाला पाऊस कोसळतो आणि नदी इथं येऊन फुगते. आमच्या बाजूला वेदगंगा-दूधगंगेला हेच, वर महाराष्ट्रात धरणातून पाणी सोडलं की बंधारे पाण्याखाली जातात.

शेततळं तर सर्वांत वाईट. वर पाणी संथ, खाली उतरता प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. चांगल्या पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही, पकडायला काहीच नसतं. कृषी भाग्य या सरकारी योजनेतून तळी झाली, कुंपण सगळ्यांनी घातलं नाही. मालकाला एवढं तरी करायला लावा: चारही बाजूंना फुटाफुटावर गाठी मारलेली जाड दोरी, वरच्या टोकाला खुंटीला घट्ट बांधून पाण्यात सोडलेली, आणि जुन्या टायरांची एक शिडी.

काठावरचा

विसर्जनाच्या पोरांसाठी. पाण्यात उडी मारणं हा शेवटचा उपाय आहे हे आधी डोक्यात बसवा. बुडणारा माणूस समोर दिसेल त्याला मिठी मारून त्याच्यावर चढतो, मग दोघं जातात. क्रम असा: काठावरून हात किंवा काठी, नाही पोचली तर दोरी फेकणं, मग होडी, आणि कशानंच जमलं नाही तर जॅकेट घालून, दोरी बांधून, हातात ट्यूब किंवा रिंग घेऊन आत.

बुडणारा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर, मान मागे, अंग उभं, हात बाजूला पाणी दाबत असतात. श्वासच मिळत नाही तिथं हाक कुठली मारणार. लांबून खेळतोय असंच वाटतं. त्यात डॉल्बी चालू असेल तर हाक मारूनही उपयोग नाही, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी. एक लांब शिट्टी म्हणजे सगळं थांबवा, हे मंडळांना आधी सांगून ठेवा.

फेकायची दोरी १५-२० मीटर, ८ मिलिमीटरची पॉलिप्रॉपिलीन घ्या. ती तरंगते, नायलॉन बुडते. टोकाला पाच लिटरचा डबा बांधा आणि त्यात अर्धा लिटर पाणी घाला, रिकामा डबा वाऱ्यानं मागे येतो. माणसाच्या अंगावर नव्हे, डोक्यावरून पलीकडे टाका, म्हणजे दोरी त्याच्या खांद्यावर पडते. दुसरं टोक हाताला गुंडाळू नका, खाली बसून पाय रोवून ओढा. दोरी नसेल तर नऊवारी लुगडं पीळ घालून टोकाला गाठ मारा, आठ मीटरच्या आसपास पोच मिळते.

पाण्यात उतरणारा स्वयंसेवक १८ वर्षांच्या वरचा, न थांबता २०० मीटर पोहणारा आणि हात न वापरता दोन मिनिटं तरंगणारा असावा. अमेरिकन रेड क्रॉसच्या लाइफगार्ड कोर्सला आत घेतानाही हात न वापरता दोन मिनिटांची चाचणी असते. दारू प्यालेला कितीही पट्टीचा असो, काठावरसुद्धा नको. मूर्ती उतरवताना धरणाऱ्यांच्या पुढं खोल बाजूला कुणी उभं राहू नये, मूर्ती कलंडली की पुढचा माणूस तिच्याखाली जातो.

बाहेर काढल्यावर माणसाला उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबणं यातलं काहीच करू नका. पोट दाबलं की पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जातं. बुडालेल्याला हवा कमी पडलेली असते, म्हणून आधी हवा. शुद्ध नाही आणि श्वास नाही, तर डोकं मागे, हनुवटी वर, नाक दाबून तोंडातून श्वास द्या. युरोपच्या नियमावलीत सुरुवातीला ५ आहेत, अमेरिकेच्या २. मग छातीच्या मध्यावर ३० दाब आणि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. तोंडाला फेस येतो, तो पुसत बसू नका. एकानं तेवढ्यात १०८ ला फोन लावायचा. बोलणाऱ्याला कन्नड नीट येत असेल तर पत्ता लवकर कळतो. गाव, तालुका आणि रस्त्यावरची खूण आधीच कागदावर लिहून ठेवा. शुद्धीवर आला तरी खोकला किंवा धाप असेल तर दवाखान्यात न्यायचाच, काही तासांनी त्रास वाढू शकतो.

मलप्रभाकाठ

लई उपयोग झाला. विहीरच धरतो. दोन पोरांना फिट येते, त्यांना घ्यायचं का?

विहिरवाला

डॉक्टरांना विचारून, गोळ्या नियमित असतील तरच. आणि त्या दोघांना एका वेळी पाण्यात घेऊ नका. एकासाठी एक मोठा माणूस, हाताच्या अंतरावर, दुसरं काहीही काम न करणारा. पाण्यात फिट आली तर मागून बगलेत हात घालून तोंड पाण्याबाहेर धरून ठेवायचं, झटके थांबले की पायरीवर. तोंडात चमचा, किल्ली, कांदा काही घालायचं नाही. आणि फिट येऊन गेली की त्या दिवशी घरी नाही, थेट दवाखान्यात, कारण पाणी आत गेलं का ते बाहेरून कळत नाही.