मदत हवी आहे: हॅलोवीनसाठी मुलांकडून करून घेण्यासारखं सोपं काहीतरी (अर्जंट!)

सोनसळी
गुरुवारी हॅलोवीनचं क्राफ्ट करून घ्यायचंय आणि डोक्यात शून्य आहे. सोपं, झटपट, कमी पसाऱ्याचं काहीतरी सुचवा प्लीज. व्हिडिओच्या लिंका नकोत, काल रात्री दीडपर्यंत तेच बघत बसले होते. त्यात सगळ्यांची टेबलं पांढरीशुभ्र आणि मुलं गप्प असतात. ग्लू गन नाही माझ्याकडे आणि घेणारही नाही.

खडूस_कोकणी
मुलं किती? वय काय? घरी की शाळेत?

अटलांटाकर
सरळ भोपळा कोरा. आम्ही दरवर्षी करतो. झाकण तिरकं कापायचं, सरळ कापलं की आत पडतं. गर खरवडून भिंत इंचभर जाडीची ठेवायची. तोंड आधी मार्करने काढून घ्यायचं, मग सुरी. कापलेल्या कडांना व्हॅसलीन चोपडलं की लवकर सुकत नाहीत. आत मेणबत्ती नको, बॅटरीचा दिवा ठेवा. पाच दिवस आरामात टिकतो.

नीलमोहोर
भोपळा कोरणं हे मुलांचं क्राफ्ट नाही हो, बाबांचं आहे. मुलं आतला गर बघून दोन मिनिटं 'ईईई' करतात आणि पळतात, मग बाबा तासभर एकटाच सुरी चालवत बसतो. भोपळा न कोरता रंगवायला द्या, अ‍ॅक्रिलिक रंगाने. टिकतोही जास्त.

अटलांटाकर
रंगवलेल्या भोपळ्यात दिवा कुठे ठेवायचा?

नीलमोहोर
बाजूला. आणि अटलांटाच्या हवेत कोरलेला भोपळा पाच दिवस? आमच्याकडे तिसऱ्या दिवशी आतून दाढी आली होती त्याला.

पेठेतला
परक्यांची भुतं नाचवण्यापेक्षा पोरांना किल्ला करायला बसवा. माती, गोणपाट, अळीव. आम्हाला कुणी क्राफ्ट शिकवलं नाही, तरी बुरूज उभे राहिले.

सोनसळी
काका, किल्ला पण करतो, गॅरेजमध्ये. होम डेपो या दुकानातून मातीची पोती आणून. प्रश्न गुरुवारचा आहे.

डब्लिनची_दुर्वा
पेठेतले, भुतं परक्यांची आहेत हे खरं, पण अमेरिकेचीही नाहीत. मूळ इकडचं, आयर्लंड-स्कॉटलंडचं. 'साविन' हा हिवाळ्याच्या तोंडावरचा जुना सण. आणि इथे भोपळा नव्हता, सलगम कोरायचे. मेयो काउंटीतल्या राष्ट्रीय संग्रहालयात तसल्या कोरलेल्या सलगमाची प्लास्टरची प्रतिकृती ठेवलीय. बारीक दात, खोल डोळे. भोपळ्याचं हसरं तोंड त्यापुढे अगदीच बाळबोध वाटतं. माझा मुलगा तिथून बाहेर येईपर्यंत माझा हात सोडायला तयार नव्हता. इथे या दिवसात बार्मब्रॅक नावाचा मनुकांचा गोड पाव करतात, त्यात अंगठी लपवलेली असते. ज्याच्या तुकड्यात येईल त्याचं लग्न ठरणार म्हणतात.

खडूस_कोकणी
लग्न ठरलं, किल्ला झाला. वय अजून कळलं नाही.

सोनसळी
अरे हो, राहिलंच. शाळेत आहे. किंडरगार्टन. २१ मुलं, २५ मिनिटं, मोठी माणसं म्हणजे मी आणि अजून एक आई. हो म्हणताना वाटलं होतं टीचर करून घेईल आणि मी फोटो काढेन.

खडूस_कोकणी
२१ मुलं आणि २५ मिनिटं हे 'राहिलंच'??
बरं. पाईप क्लीनरचा, म्हणजे मऊ केसाळ तारेचा, कोळी करा. काळ्या तारेचे अर्धे तुकडे करून ठेवायचे, एका कोळ्याला चार. चारही मध्यात एकत्र पिळले की आठ पाय होतात. सहा नाही, आठ. मागच्या वर्षी शेजारच्या पोराने मला चारचौघांत दुरुस्त केलं होतं. वरून एक काळा पाँपाँ, म्हणजे लोकरीचा गोळा, आणि दोन हलते डोळे. म्हणजे २१ मुलांना ८४ तुकडे, ४२ तारा. शंभराचं पाकीट पुरून उरेल.

नीलमोहोर
पाँपाँ कशाने चिकटवणार? साधा गोंद पाच मिनिटांत वाळत नाही, आणि ग्लू गन नाही म्हणतेय ती.

मॉम_ऑफ_टू
टॉयलेट रोलची ममी!! पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या गुंडाळायच्या, दोन डोळे, झालं. माझ्या दोघांनी दहा मिनिटांत केली.

सोनसळी
टॉयलेट रोल शाळेत चालत नाहीत, स्वच्छतेचं कारण. तुमची दोन, माझी २१.

काळजीवाहू
कुणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. हॅलोवीनला खाऊ मागत दारात येणाऱ्या मुलांपैकी कुणाला शेंगदाण्याची, कुणाला दुधाची अ‍ॅलर्जी असते. दारात निळसर-हिरवा रंगवलेला भोपळा ठेवला की इथे खाऊऐवजी स्टिकर, पेन्सिली असं काही मिळेल ही खूण असते. आम्ही गेली काही वर्षं ठेवतो.

सोनसळी
चांगलं आहे, पण मी दारात नाही, वर्गात आहे.
आणि एक घोळ. टीचरची मेल आत्ता नीट वाचली. पार्टीचं नाव 'फॉल पार्टी', म्हणजे पानगळीच्या ऋतूची पार्टी, असं आहे. भुतं, सांगाडे, चेटकिणी, भीतीदायक काहीच नको असं लिहिलंय.

खडूस_कोकणी
धाग्याचं शीर्षक बदला मग.

मॉम_ऑफ_टू
कोळी भीतीदायक धरतात का?

नीलमोहोर
हसरा केला तर नाही.

अटलांटाकर
म्हणजे शेवटी भोपळाच.

एडिसनची_आज्जी
सोनसळी, बाळा, भोपळाच कर, पण कागदाचा. माझ्या नातीच्या वर्गात केला होता. केशरी कागद साडेआठ बाय अकराचा. लांबीला धरून इंच-इंचाच्या पट्ट्या काप, एका कागदात आठ निघतात. म्हणजे एका मुलाला एक कागद. कापण्याचं काम घरीच उरक.
पट्टीच्या दोन्ही टोकांना पंचने भोक पाड. चार-चारच घे, आठ एकदम घेतल्या तर पंच अडकतो आणि भोकं तिरकी पडतात. मग दोन पायांची पितळी पिन मिळते ना, ब्रॅड म्हणतात ती, आठही पट्ट्यांच्या एका टोकातून घालून पाय मागे उघडायचे. तसंच दुसऱ्या टोकाला. आता गड्डी हातात धरून कमानीसारखी वाकव आणि एकेक पट्टी गोल सरकव. दोन-तीन पट्ट्या सरकेपर्यंत काहीच होत नाही, मुलं चुळबुळतात. चौथीला एकदम गोल पोट दिसतं आणि वर्गभर आवाज होतो. वर हिरवी तार बोटाला गुंडाळून वेल लावायची. गोंद लागत नाही, वाळण्याची वाट नाही. एका बाजूची पिन घरूनच लावून ने, पाच वर्षांच्या बोटांना दोन्ही जमत नाहीत. खाली झिरमिळ्या लावल्या की दिवाळीचा कंदीलही होतो, घरी गेल्यावर.

सोनसळी
आज्जी!!! पिना मागवल्या आत्ताच.

नीलमोहोर
+१. आणि ज्याचं आधी होईल त्याच्यासाठी कॉफी गाळायचे कागदी फिल्टर ने. पाण्याने निघणाऱ्या मार्करने लाल-पिवळं रंगवायचं, स्प्रेने पाणी मारलं की रंग आपोआप पसरतात. वाळल्यावर पानाच्या आकारात कापायचं. खाली वर्तमानपत्र घाल मात्र.

अटलांटाकर
अवांतर: कोरताना निघालेल्या भोपळ्याचे घारगे होतात का? बायको नाही म्हणते.

एडिसनची_आज्जी
बायको बरोबर आहे. कोरायचा भोपळा पाणचट, गोडी नाही. पाणी सुटत राहतं म्हणून कणीक वाढवत बसतो आणि घारगे चिवट होतात. छोटा, 'पम्पकिन पाय' हा गोड पदार्थ करायला वापरतात तो भोपळा आण. बिया मात्र फेकू नका, मीठ लावून ओव्हनमध्ये भाजा.

पेठेतला
घारगे म्हणजे तरी आपल्या मातीतलं काहीतरी आलं धाग्यात.

डब्लिनची_दुर्वा
काका, भोपळाही मूळ अमेरिकेचाच :)

सोनसळी
अपडेट. १९ भोपळे झाले. एकाने पट्ट्या न वाकवता पंखा केला आणि ऐकायला तयार नव्हता. एकीने पिन हरवली, आम्ही दोघी पाच मिनिटं टेबलाखाली. तिच्याच बुटात निघाली, तोवर वेळ संपली, भोपळा बिचारीने घरी नेऊन केला. आठ पट्ट्या जरा दाटीच होते, सहा पुरल्या असत्या. कॉफी फिल्टरपर्यंत पोचलोच नाही. पोरगी आता घरातल्या सगळ्या कागदांच्या पट्ट्या कापत सुटली आहे, विजेचं बिल धरून. सगळ्यांचे आभार, आज्जींचे जास्त.

मॉम_ऑफ_टू
फोटो?

अटलांटाकर
आज्जी, छोटा भोपळा आणला. एक वाटी किसाला गूळ किती?