लहान संस्थेने आधी काय करावं: रात्रनिवारा की भाड्याची मदत?

प्रश्न
संस्थेत पूर्णवेळ कार्यकर्ते दोनच आहेत. बेघरांसाठी रात्रनिवारा काढावा, की भाडं थकल्यामुळे घर सुटायच्या बेतात असलेल्या कुटुंबांना हात द्यावा? जाणकारांनी कृपया सांगावं.

उत्तर १
दोघांच्या बळावर निवारा चालत नाही. रात्रपाळीलाच माणसं पुरणार नाहीत. भाडं थकलेल्यांपासून सुरुवात करा.

पहिला प्रश्न एकच विचारा: पुढच्या महिन्याचं भाडं कुठून येणार? आजारपणामुळे किंवा काम सुटल्यामुळे खंड पडला असेल आणि कमाई पुन्हा सुरू होणार असेल, तर एकरकमी मदत पुरते. भाडंच मिळकतीला झेपत नसेल, तर थकबाकी फेडूनही थोड्याच महिन्यांत तीच वेळ येते. तिथे पैसा स्वस्त खोलीच्या अनामत रकमेसाठी वापरा.

रक्कम थेट घरमालकाच्या खात्यात भरा. पण त्याआधी ‘थकबाकी फिटली, घर खाली करण्याची नोटीस मागे घेतली’ असं त्याच्या सहीनिशी लिहून घ्या. हे राहिलं की पैसेही जातात आणि घरही.

उत्तर २
वरच्याशी सहमत. पण रस्त्यावरच्या माणसांना वाऱ्यावर सोडू नका. नावनिशीवार यादी करा: झोपायची जागा, आजार, कोणते कागद आहेत, शेवटची भेट कधी. मूळ कागद भिजतात, चोरीला जातात. संमती घेऊन प्रती संस्थेत ठेवा.

आणि ‘आधी दारू सोड, मग खोली’ ही अट कृपया नको. झोपेचाच ठिकाणा नसलेल्या माणसाकडून औषधांच्या वेळा कशा पाळल्या जाणार? न्यूयॉर्कमध्ये १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘पाथवेज टू हाउसिंग’ या संस्थेने बेघरांना आधी घर दिलं आणि उपचार ऐच्छिक ठेवले. फिनलंडनेही २००८ पासून तोच मार्ग धरला.

प्रश्नकर्ता
खोली मिळाल्यावर किती लक्ष ठेवावं लागतं?

उत्तर २
पहिला महिना सगळ्यात नाजूक. आठवड्यातून किमान दोनदा जा. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं एका कार्यकर्त्याकडे दहाच्या वर नकोत.

गादी, शेगडी, दोन भांडी, बल्ब आणि कुलूप पहिल्याच दिवशी हवं. रिकाम्या खोलीत एकटेपणा खायला उठतो. मग माणूस जुन्या जागी परततो, नाहीतर जुने सोबती मुक्कामाला येतात आणि मालकाची तक्रार सुरू होते. त्या तक्रारीसाठी मालकाकडे तुमच्या कार्यकर्त्याचा नंबर असू द्या, म्हणजे नोटिशीआधी फोन येईल.