चरबी, मेद की वसा? आणि ‘रेझिस्टन्स’ला काय म्हणायचं?

डाळिंबवाली: सोलापुरातल्या मधुमेह तपासणी शिबिराचं पत्रक मराठीत करतेय. सांगोला-मंगळवेढ्याकडचे लोक येणार आहेत. मुद्दा असा की चरबी म्हणजे नुसता साठा नाही, ती हार्मोन सोडते. मी लिहिलं, ‘मेदऊती ही अंतःस्रावी ग्रंथी आहे.’ वडिलांनी वाचलं. म्हणाले, ऊती म्हणजे टिश्यू कल्चरनं डाळिंबाची रोपं करतात ते ना? आणि ग्रंथी म्हणजे गाठ, तर चरबीची गाठ शेजारच्या अण्णांच्या पाठीवर आहे, दुखत पण नाही. आता ‘ग्रंथी’ला काय लिहू?

अनुस्वार: ‘हार्मोन’साठी ‘संप्रेरक’ हा शब्द सोडू नका. ‘हार्मोन’ हा शब्द स्टार्लिंगने 1905 साली वापरात आणला, ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. संप्रेरक त्याला तंतोतंत बसतो. आणि मेदच लिहा, सप्तधातूंतला आहे. चरबी फारसी.

कडकभाकरी: खाटकाकडे मेद मागून बघा एकदा.

पूर्वभाग: आमच्या घरी तेलुगूत कोव्वु. अर्थ चरबी, आणि माजसुद्धा. कानडीत कोब्बु, तिथंही हेच दोन अर्थ. मराठीत चरबी चढतेच. म्हणजे सोलापुरात तिन्ही भाषांत ‘तुमची चरबी वाढली आहे’ असं छापलं तर शिबिरात भांडणं लागणार.

अनुस्वार: म्हणून तर मेद म्हणतोय!

लॅबवाला: आधी माल काय आहे ते बघा. लेप्टिन हे चरबीतून येणारं हार्मोन 1994 ला सापडलं, ग्रीक ‘लेप्टोस’ म्हणजे बारीक. चरबी वाढली की ते वाढतं आणि मेंदूला ‘बास, पुरे’ असं कळवतं. पण लठ्ठ माणसाच्या रक्तात ते भरपूर असूनही मेंदू ऐकत नाही. ॲडिपोनेक्टिन या चरबीतल्याच दुसऱ्या हार्मोनचं उलटं. ते इन्शुलिनच्या कामाला मदत करतं आणि पोट सुटलं की नेमकं तेच घटतं. 2001 चं रेझिस्टिन उंदरात चरबीच्या पेशींतून येतं, माणसात मात्र मुख्यतः मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींतून, म्हणून माणसातल्या त्याच्या कामावर अजून वाद आहे. पत्रकात पहिली दोन पुरेत.

आणि ‘इन्शुलिन रेझिस्टन्स’ला ‘इन्शुलिन प्रतिरोध’ नको. रोगप्रतिकारशक्ती चांगली, तसा प्रतिरोधही चांगलाच वाटतो. रिपोर्ट बघून एक काका खूश होऊन गेले होते. ‘पेशी इन्शुलिनला दाद देत नाहीत’ लिहा.

हुरडापार्टी: मथळ्यात ‘लठ्ठपणा’ आहे का? मग बारीक माणूस पत्रक उचलणारच नाही. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा 2004 चा फोटो आठवा. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) 22.3, पण अंगातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. आपल्याकडे हातपाय काड्या आणि ढेरी पुढे, हा नमुना घरोघरी.

डाळिंबवाली: मथळा बदलते. पण ग्रंथी?

कडकभाकरी: लॅबवाले, ‘दाद’ पण फारसीच बरं का. अनुस्वारांना विचारा चालेल का.

अनुस्वार: ‘जुमानत नाहीत’ लिहा. अस्सल मराठी.

पूर्वभाग: जुमानणे म्हणजे जू मानणे. बैल मान खाली घालून जू घेतो ते. आजोबा सांगायचे.

अनुस्वार: ही घरगुती व्युत्पत्ती झाली. कोशात दाखवा.

पूर्वभाग: आजोबांनी औत हाकलंय, कोशकारांनी हाकलं होतं का?