इन्स्पेक्टर आले तर मेडिकलमध्ये नेमकं काय बघतात?

सिडकोवाला_फार्मा:
नमस्कार मंडळी, नाशिकला सिडकोत छोटं मेडिकल आहे, स्वतः बी.फार्म आहे. आमच्याकडे ड्रग इन्स्पेक्टर अजून आलेले नाहीत पण शेजारच्या लाईनीत परवा येऊन गेले म्हणे, तेव्हापासून वडील मागे लागलेत रॅक पुसून घे, बोर्ड रंगवून घे. लायसन भिंतीवर आहे, एच वनचं (डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायच्या ठराविक औषधांचं) रजिस्टर आहे, बिलं कॉम्प्युटरवर निघतात. अजून काय लागतं? आणि आधी कळवतात का?

पंचवटीचा_जुना_केमिस्ट:
कळवतात कसले, डायरेक्ट काउंटरवर उभे राहतात. पहिला प्रश्न ठरलेला, फार्मासिस्ट कुठंय. तू जेवायला गेलास आणि पोरगा गोळ्या देत बसला तर रॅक कितीही चकाचक असू दे, तिथंच अडकलास, १९४८ च्या फार्मसी ॲक्टचं कलम ४२ आहे ते. मग ते स्वतः एखादी स्ट्रिप उचलतात, बॅच नंबर बघतात आणि म्हणतात याचं खरेदीचं बिल काढा. अल्प्राझोलम, ट्रामाडॉल, कोडीनचं सिरप असल्या मालावर तर हमखास. समज ३० घेतल्या, २२ विकल्या, रॅकवर ८ पाहिजेत आणि निघाल्या ५, तर ३ कुठं गेल्या ते तूच सांगायचं. आणि एच वनमध्ये नुसत्या झोपेच्या गोळ्या नसतात रे, सेफिक्झिमसारखं अँटिबायोटिक पण त्यातच येतं, ते रजिस्टरला चढवायचं बरेच जण विसरतात. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं.

गोळे_कॉलनी_होलसेल:
काका बोलले ते बरोबर. माझ्याकडून एवढंच की एक्स्पायरीचा माल वेगळ्या खोक्यात ठेव आणि वर ठळक लिही, विक्रीसाठी नाही. रिटर्न केला की क्रेडिट नोट (परत केलेल्या मालाची होलसेलरने दिलेली पावती) फाईलला लाव, नाहीतर स्टॉक जुळत नाही आणि मग फोन आम्हाला येतात 😅 डॉक्टर सॅम्पल, म्हणजे कंपन्या डॉक्टरांना फुकट देतात ती औषधं, दुकानात ठेवूच नकोस, घरच्यासाठी आहे म्हटलं तरी कोण ऐकणार. फ्रिजमध्ये इन्सुलिनशेजारी दुधाची पिशवी नको. थर्मामीटर आत पाहिजे, २ ते ८ डिग्री. मे महिन्यात दुपारी लाईट गेली की काय करतोस ते विचारलं तर उत्तर तयार असू दे, आपल्याकडे पण चाळीसला टेकतं आता.

सिडकोवाला_फार्मा:
बापरे, सेफिक्झिमच्या नोंदी आजच तपासतो. पण इन्स्पेक्टरनी दुकानातल्या औषधाचं सॅम्पल तपासायला नेलं तर म्हणजे केसच का?

इंदिरानगरची_फार्मासिस्ट:
नाही हो दादा, घाबरू नका. सॅम्पल तपासणीसाठी नेतात, त्यात कंपनीने बनवलेलं औषध नीट आहे का ते पण तपासलं जातं. फॉर्म १७ (सॅम्पल घेतल्याची लेखी सूचना) देतात, मालाची किंमत देऊ करतात, सॅम्पलचे ४ भाग करतात आणि एक सीलबंद भाग तुमच्याकडेच ठेवतात, तो फोडू नका आणि कुठंतरी टाकून पण देऊ नका. दुसरं, फॉर्म ३५ ची इन्स्पेक्शन बुक दुकानात पाहिजे, शेरे त्यातच लिहितात. काही त्रुटी निघाल्या तर आधी शो कॉज म्हणजे कारणे दाखवा नोटीस येते, लायसन लगेच तिथल्या तिथं जात नाही. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या, सोबत बिलांच्या झेरॉक्स जोडा. तोंडी समजावत बसू नका, त्याचा उपयोग होत नाही.

सिडकोवाला_फार्मा:
थँक्यू ताई. इन्स्पेक्शन बुक नाहीये माझ्याकडे, कुठं मिळेल?

पंचवटीचा_जुना_केमिस्ट:
केमिस्ट असोसिएशनमध्ये विचार, नाहीतर उद्या माझ्याकडे ये, छापील नमुना आहे, दाखवतो.